हा आपला कोसा नाही

(मिशनच्या मित्र-सहकाऱ्यांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण. बोललेला मजकूर थोडा आटोपशीर करून देत आहोत.)





दरवर्षी या मेळाव्यात मी वसतिगृह, दवाखान्याच्या फेऱ्या आणि बचत गट यांचा अहवाल वाचतो. यंदाचा अहवाल छापून तुमच्या हातात दिलेला आहे, तेव्हा तो पुन्हा वाचून तुमचा वेळ घेत नाही. आज मी पतंगांविषयी बोलणार आहे. संक्रांतीला उडवतो तो पतंग नव्हे. रात्री दिव्याभोवती फिरतो तो. विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यावर हसू आले, ते मला इथून दिसते आहे. नऊ वर्षांपूर्वी मीही हसलो असतो. पण या पतंगाची जात न ओळखल्यामुळे माझ्या हातून एक चूक झाली आणि तिची किंमत अकरा कुटुंबांनी मोजली. ती गोष्ट मी आजवर या मेळाव्यात सांगितलेली नाही. आज सांगतो.

मंडळीतल्या आपल्या लोकांना पतंग ठाऊक असतो तो कसरीच्या रूपाने. कसर लागते आणि ठेवणीतले कपडे खाऊन टाकते, हे आपण लहानपणापासून शास्त्रात ऐकत आलो. खरे पाहता कपडा खाते ती कसरीची अळी. पंख फुटल्यावर ती कपड्याला तोंडही लावत नाही. आणि लोकर खाणाऱ्या अशा जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. जगात पतंगांच्या सुमारे १ लाख ६० हजार जातींना आजवर नावे मिळाली आहेत. एकट्या भारतात त्या १० हजारांहून अधिक आहेत. आपण ज्यांचे एवढे कौतुक करतो ती फुलपाखरे भारतात १,३०० ते १,४०० जातींच्या आसपास. म्हणजे एका फुलपाखरामागे सात पतंग, आणि आपल्याला नाव माहीत आहे ते फक्त कपडे खाणाऱ्याचे!

आमच्या भागात मात्र एक पतंग सगळ्यांना माहीत आहे, कारण त्याच्यावर घर चालते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात ऐनाची झाडे आहेत, तिकडे त्याला येन म्हणतात, आणि नदी-नाल्याच्या काठाने अर्जुन आहे. या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या वाढतात. त्या जो कोष करतात त्याला लोक कोसा म्हणतात. कोंबडीच्या लहान अंड्याएवढा, टणक, आणि त्याला रेशमाचाच एक देठ; देठाच्या टोकाला कडी, ती फांदीभोवती घट्ट बसलेली. हे पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतात ते मुख्यतः ढिवर समाजाचे लोक. आमच्या गावांत काही गोंड कुटुंबेही घेतात. अळ्या झाडावर सोडल्या की महिना-दीड महिना माणूस जंगलात झोपडी टाकून राहतो. पाखरे, मुंगळे, माकडे यांच्यापासून राखण करायची, एका झाडाचा पाला संपला की अळ्या दुसऱ्या झाडावर न्यायच्या. हे काम मी जवळून पाहिले आहे. शेतीपेक्षा ते सोपे नाही.

नऊ वर्षांपूर्वी एका संस्थेमार्फत आम्हाला दुसऱ्या राज्यातले टसरचे अंडीपुंज मिळण्याची सोय झाली. त्या जातीचा कोष आमच्या कोशापेक्षा मोठा, जड आणि सूत जास्त देणारा. भाव चांगला मिळणार होता. बचत गटाच्या बैठकीत मीच तो विषय मांडला, मीच कागद भरले. अकरा कुटुंबे तयार झाली. नमुना म्हणून त्या जातीचे थोडे कोष आले होते, ते मी सर्वांना दाखवले. बैठकीत एक वयस्कर आजी होत्या. त्यांनी कोसा हातात घेतला, देठाकडे पाहिले, कानाशी नेऊन हलवला आणि परत दिला.

"हा आपला कोसा नाही, भाऊ," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "आजी, कोसा तो कोसा. हा थोडा मोठा आहे एवढंच."

"मोठा आहे, दिसते मला. पण आपला कोसा आपल्या पावसाची वाट पाहून बसते. याला आपला पाऊस काय माहीत?"

बैठकीतले काही तरुण हसले. मीही हसलो. आणि वर एक गोष्ट अशी बोललो की ती आजही मला टोचते. मी म्हणालो, "आता घरचं बी राखून ठेवायची गरज नाही. पुढच्या पिकालाही हेच बी वापरू."

अंडीपुंज लांबचा प्रवास करून आले. अळ्या फुटल्या, वाढल्याही. मग मध्येच पावसाने ओढ दिली, पुढे एकदम झड लागली, आणि मोठ्या झालेल्या अळ्या फांदीला उलट्या लोंबकळून मरू लागल्या. जे कोष हाती आले ते अपेक्षेच्या चौथाईदेखील नव्हते. तरी आम्ही त्यातले चांगले कोष दुसऱ्या पिकाच्या बियाण्यासाठी ठेवले. खरा घात तिथे झाला. टसरच्या पतंगाला खाण्यासाठी तोंडच नसते. अळी असताना जे खाल्ले त्यावर तो चार-आठ दिवस जगतो, तेवढ्यात जोडी जमली पाहिजे आणि मादीने अंडी घातली पाहिजेत. आमच्याकडे नर आधी बाहेर पडले आणि मरून गेले. माद्या नंतर, कोणी आज तर कोणी आठवड्याने. जोड्या जमल्या नाहीत. अंडी मिळाली नाहीत. आणि घरचे बी कोणीच राखले नव्हते, कारण तसे मीच सांगितले होते.

त्या वर्षी दुसरे पीक झालेच नाही. अकरापैकी पाच कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात गेली. त्यांतल्या एका घरचा मुलगा आमच्या वसतिगृहात दहावीला होता. लहान भावंडांना सांभाळायला म्हणून आईबापाने त्याला बरोबर नेले. त्या मार्चमध्ये तो परीक्षेला बसला नाही.

याला सगळा दोष बियाण्याचा, असे मी म्हणत नाही. बाहेरचे बी नीट काळजीने, योग्य हवामानात वाढवले तर यशस्वी होते, अशी गावेही आहेत. प्रवासाचा ताण होता, पावसाचा खंड होता, रोग होता. पण आजींनी एका वाक्यात जे विचारले होते, ते विचारणे माझे काम होते: हा पतंग नक्की कोणता, कुठला, आणि तो इथे चालेल का?

त्यानंतर मी एका महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवणाऱ्या सरांकडे गेलो. हातात दोन कोष, एक आमचा, एक बाहेरचा. विचारले, "सर, ही एकच जात आहे की दोन?" सर म्हणाले, "जात एकच. पण बसा, उत्तर एवढ्यात संपत नाही." त्या दिवशी आणि नंतर अनेकदा त्यांच्याकडून जे शिकलो, त्यातले थोडे तुम्हाला सांगतो.

प्राण्यांची ओळख शास्त्रज्ञ पायऱ्यांनी करतात. वरच्या पायऱ्यांपैकी एक म्हणजे गण. फुलपाखरे आणि पतंग मिळून एक गण, कारण दोघांच्याही पंखांवर बारीक खवले असतात. बोटाला लागते ती भुकटी म्हणजे हे खवले. त्याखाली कुल, मग प्रजाती, मग जाती. हे सोपे करून सांगायचे तर गाव, वाडा, घर आणि माणूस. स्वीडनच्या लिनिअस यांनी १७५८ साली प्राण्यांना दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत पक्की केली. त्यांनी त्या वेळी माहीत असलेले जवळजवळ सगळे पतंग 'फॅलिना' या एकाच प्रजातीत घातले आणि तिचे सात गट पाडले. आज ती एक प्रजाती फुटून हजारो झाल्या आहेत.

आपल्या टसरच्या पतंगाला शास्त्रीय नाव दिले ते ड्रू ड्रुरी यांनी, १७७३ साली. हे गृहस्थ लंडनमध्ये चांदीचे काम करणारे. जगभरातून येणाऱ्या जहाजांवरून कीटक मागवायचे आणि जमवायचे, हा त्यांचा छंद. ते स्वतः भारतात कधी आले नाहीत. एक वाळलेला पतंग त्यांच्या टेबलावर पोहोचला, त्याचे चित्र आणि वर्णन छापले गेले, आणि 'मायलिट्टा' हे नाव पडले. ऐनाचे झाड, पाऊस, झोपडीत राखण करणारा माणूस, यांतले काहीच त्या टेबलावर पोहोचले नव्हते.

झाडावरची अळी पाहून पुढे लिहिले ते डॉ. विल्यम रॉक्सबर्ग यांनी. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे ते प्रमुख. बंगालच्या टसर आणि एरंडीवरच्या रेशीमकिड्यांवर त्यांचा लेख १८०४ साली लंडनच्या लिनिअन सोसायटीने छापला. अळी कुठल्या झाडावर वाढते, कोष कसा बांधते, हे त्यात आले. त्यांनी मात्र पतंगाला 'पॅफिया' म्हटले, लिनिअस यांनी दिलेले जुने नाव. म्हणून आजही काही ग्रंथांत मायलिट्टा आणि काहींत पॅफिया असे दोन्ही सापडते.

या रॉक्सबर्ग यांच्याशी आपला एक धागा जुळतो. श्रीरामपूरचे मिशनरी विल्यम केरी हे त्यांचे स्नेही. १८०५ साली मराठीचे व्याकरण छापणारे ते हेच केरी. झाडापेडांचे त्यांना अतोनात वेड. रॉक्सबर्ग यांचा भारतीय वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर केरींनी छापायला घेतला. आणि रॉक्सबर्ग यांनी आपल्या मित्राचे नाव एका झाडाला दिले होते: केरिया. आपल्याकडे जंगलात कुंभा म्हणतात तेच हे झाड. सह्याद्रीत फिरलेल्या प्रत्येकाने ते पाहिलेले आहे. शुभवर्तमानाचे काम आणि झाडांचे, किड्यांचे काम ही दोन वेगळी खाती आहेत, असे त्या माणसाला वाटले नव्हते.

आता सरांचे अर्धे राहिलेले उत्तर. टसरची जात एक, पण ती झारखंड, ओडिशा, छत्तीसगड, महाराष्ट्र, तेलंगण अशा मोठ्या पट्ट्यात पसरली आहे. प्रत्येक ठिकाणचे झाड वेगळे, उंची वेगळी, पाऊस वेगळा. शेकडो पिढ्या त्या त्या जागी काढल्यावर तिचे स्थानिक वंश झाले. असे चाळीसच्या वर वंश नोंदलेले आहेत. झारखंडकडचा डाबा, ओडिशाचे मोडाल आणि सुकिंदा, बस्तरच्या सालाच्या जंगलातला रैली. आणि आपल्याकडचा? त्याला शास्त्रज्ञांनी नाव दिले आहे 'भंडारा'. आमच्या शेजारच्या जिल्ह्याचे नाव! मी इतकी वर्षे त्या भागात काम करत होतो, आणि मला हे ठाऊक नव्हते.

या वंशांमध्ये फरक कशाचा? कोशाचा आकार, देठाची लांबी, आवडते झाड. पण सर्वांत महत्त्वाचा फरक डोळ्यांना दिसत नाही. कोशातला जीव हिवाळा-उन्हाळा झोपून काढतो आणि पावसाच्या सुमाराला जागा होतो. कधी जागे व्हायचे, वर्षात एक पिढी करायची, दोन की तीन, हे प्रत्येक वंशाचे त्याच्या जागेशी जुळलेले असते. जागा बदलली की हे वेळापत्रक चुकू शकते. नर-माद्या एका वेळी बाहेर पडत नाहीत. आजी म्हणाल्या होत्या, आपला कोसा आपल्या पावसाची वाट पाहतो. शास्त्राच्या पुस्तकात हेच चार पानांत लिहिलेले मी नंतर वाचले.

सर मला एकदा म्हणाले, "तुमची चूक नवी नाही. दिसायला सारखे म्हणजे एकच, असं मोठ्यांनाही वाटलेलं आहे." मग त्यांनी दोन उदाहरणे सांगितली.

पहिले आपल्या घराजवळचे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या गावांत एखाद्या भिंतीवर वीतभर पंखांचा तांबूस पतंग बसतो आणि वर्तमानपत्रात फोटो येतो, 'दुर्मीळ ॲटलास पतंग आढळला'. ॲटलास हे नाव लिनिअस यांनी दिलेले, आणि तो हिमालयाच्या पायथ्यापासून पूर्वेकडे आग्नेय आशियात पसरलेला. पण दक्षिण भारत आणि श्रीलंका इथला वेगळा आहे, हे फ्रेडरिक मूर यांनी १८८० च्या दशकात श्रीलंकेच्या पतंग-फुलपाखरांवरच्या ग्रंथात मांडले. त्यांनी त्याला 'टॅप्रोबॅनिस' म्हटले. टॅप्रोबेन हे लंकेचे जुने ग्रीक नाव. आपल्या पश्चिम घाटात दिसतो तो अभ्यासकांच्या मते हाच. म्हणजे आपल्या दारात आलेल्या पाहुण्याला आपण त्याच्या चुलत भावाच्या नावाने हाक मारत असतो.

दुसरे उदाहरण दूरचे, मादागास्कर बेटाचे. तिथे एक पांढरे ऑर्किड आहे, त्याच्या फुलाला सुमारे फूटभर लांब नळी, आणि मध नळीच्या तळाशी. १८६२ साली चार्ल्स डार्विन यांनी लिहिले की एवढी लांब सोंड असलेला पतंग त्या बेटावर असला पाहिजे. तसा पतंग तेव्हा कोणी पाहिला नव्हता. १९०३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्याला 'प्रेडिक्टा' म्हटले गेले, म्हणजे भाकीत केलेला. पण वर्णन करणाऱ्यांनी त्याला आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरच्या जातीची एक उपजाती मानले. पुढची शंभराहून अधिक वर्षे तो तसाच राहिला. २०२१ साली सोंडेची मापे, अवयव आणि जनुके ताडून पाहिली, तेव्हा ठरले की हा स्वतंत्र जातीचा आहे. जन्म होऊन इतक्या वर्षांनी स्वतःच्या नावाचे घर मिळाले, असे म्हणा ना!

जात ठरवणे असे हळू चालते. आधी पांढरा पडदा लावून दिवा ठेवायचा, पतंग येऊन बसतात, ते टिपायचे. पंखांवरची नक्षी पाहायची. पण नक्षी फसवते: कित्येकदा नर आणि मादी इतके वेगळे दिसतात की जुन्या अभ्यासकांनी त्यांना दोन जाती ठरवले. टसरमध्येच पाहा, नर विटकरी-तपकिरी, मादी मोठी आणि पिवळट किंवा राखी. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली शरीराचे आतले भाग पाहतात. २००३ सालापासून आणखी एक साधन आले. कॅनडातले पॉल हेबर्ट यांनी सुचवले की प्राण्याच्या जनुकाचा एक ठरावीक लहान तुकडा वाचला, तर दुकानातल्या वस्तूवरच्या बारकोडसारखी त्याने जात ओळखता येईल. आणि शेवटी मूळ नमुन्याशी ताडून पाहावे लागते, ज्याच्यावरून पहिल्यांदा नाव दिले गेले तो नमुना. भारतातल्या पतंगांचे असे कितीतरी मूळ नमुने लंडनच्या संग्रहालयात आहेत. कारण भारतातल्या पतंगांवरचा पहिला मोठा संच लिहिला तो सर जॉर्ज हॅम्प्सन यांनी, निलगिरीत चहाचे मळे करायला आलेल्या इंग्रजाने. १८९२ ते १८९६ या काळात त्याचे चार खंड निघाले आणि आजही अभ्यासक ते उघडतात.

या सगळ्या नावांत आमच्या लोकांचे नाव कुठे आहे, असे मी सरांना विचारले. त्यांनी अरुणाचल प्रदेशातला एक पतंग दाखवला. दिवसा उडणारा, अतिशय देखणा. झिरो खोऱ्याजवळच्या तळे अभयारण्यात अलीकडे सापडला. त्याच्या शास्त्रीय नावात झिरो आहे, आणि इंग्रजी नावात अपातानी. त्या खोऱ्यात राहणाऱ्या आदिवासी समाजाचे नाव. त्याचा शोध लावणाऱ्यांत तिथलाच माणूस आहे. अडीचशे वर्षांपूर्वी नाव लंडनच्या टेबलावर पडत होते, आता ते खोऱ्यातल्या लोकांच्या नावाने पडू लागले आहे.

ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा करताना उत्पत्तीच्या पुस्तकातला आदामाने प्राण्यांना नावे ठेवल्याचा भाग आम्हाला शिकवला होता. मी परीक्षेत लिहिले होते की नाव ठेवणे म्हणजे अधिकार. त्या प्रश्नाला गुण चांगले मिळाले. आज तो भाग वाचताना माझे लक्ष वेगळ्या ठिकाणी जाते. प्राणी एकेक करून त्याच्यासमोर आणले होते. त्याला प्रत्येकाकडे पाहावे लागले. मी त्या बैठकीत कोशाकडे पाहिलेच नव्हते. मी फक्त त्याचे वजन पाहिले होते.

आता पुढे काय झाले ते सांगून संपवतो.

त्या वर्षाच्या शेवटी मी आजींच्या घरी गेलो. ओट्यावर बसलो आणि म्हणालो, "आजी, माझं चुकलं." त्या टोपली विणत होत्या. म्हणाल्या, "चुकलं तं चुकलं. पुढच्या वेळी विचार." मग त्यांनीच सांगितले की नदीपलीकडच्या गावात त्यांच्या भाच्याने जुने बी राखले आहे. पुढच्या पावसाळ्यात त्याच्याकडून कोष आणले. पहिल्या वर्षी अगदी थोडे पीक आले, तिसऱ्या वर्षी बरे आले. अकरांपैकी सात कुटुंबे पुन्हा कोशाकडे वळली. चार वळली नाहीत. त्यांच्यावर मी कधी आग्रह केला नाही.

आता कुठलेही बाहेरचे बी आले, तर आमचा एक नियम आहे. ते आधी दोनच झाडांवर, एक वर्ष. आणि घरचे बी काहीही झाले तरी राखायचे.

वसतिगृहात आम्ही दुसरी एक गोष्ट सुरू केली. पावसाळ्यात महिन्यातून दोनदा, अंधाऱ्या पक्षात, मागच्या अंगणात पांढरी चादर बांधतो आणि दिवा लावतो. मुले एका वहीत लिहितात: तारीख, जागा, पाऊस होता की नव्हता, पतंग कसा बसला होता, आणि अळी सापडली तर कुठल्या झाडावर. शेवटचा रकाना आहे 'घरी काय म्हणतात'. मुले सुट्टीत आजी-आजोबांना फोटो दाखवून ती नावे विचारून आणतात, गोंडी, माडिया, झाडीबोलीतली. सुरुवातीला मुले लाजायची. आपल्या घरचा शब्द शाळेच्या वहीत लिहायचा असतो, हे त्यांना खरे वाटत नव्हते. आमच्या फोटोंपैकी पुष्कळांची जात सरांनाही सांगता येत नाही. त्यांच्यासमोर मुले प्रश्नचिन्ह काढतात. एका मुलीने मला विचारले, "सर, प्रश्नचिन्ह खोडायचं कधी?" मी म्हणालो, "कळेल तेव्हा. तोपर्यंत खोटं नाव लिहायचं नाही."

परीक्षेला न बसलेला तो मुलगा दोन वर्षांनी दहावी पास झाला. ती दोन वर्षे मी त्याला परत देऊ शकत नाही. तो आज गावात कोशाचे पीक घेतो आणि चादरीच्या रात्री आमच्या मुलांना शिकवायला येतो. ओल्या फांदीवरचा देठ पाहून तो सांगतो, हा आपला आहे की नाही. मला अजून ते जमत नाही.

तुमच्याकडे आज माझे एवढेच मागणे आहे. तुम्ही पुण्यात असा, नाशिकला असा, मिरजेला असा; पावसाळ्यात गॅलरीत पतंग आला तर दिवा मालवून त्याला झाडू मारण्याआधी एक मिनिट पाहा. फोटो काढा, तारीख आणि जागा लिहा. जवळपास झाड कोणते आहे तेही लिहा. २०१२ सालापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंग सप्ताह पाळतात, तेव्हा मंडळीतल्या मुलांना घेऊन एक चादर बांधा. आणि आमच्या गावाला याल, तेव्हा काही नवे देण्याआधी, कोणी आजी काही म्हणत असतील तर ते आधी ऐकून घ्या.